आमची वाटचाल : मुलाच्या मागे एक शब्दही बदलायचा नाही

बरेच जण विचारतात की तुम्ही नेमकं करता काय, प्रकाशन, क्लास की छपाई, तर तिन्ही थोडं थोडं. पहिली ते चौथीच्या मुलांना लिहितं करायचं आणि त्यांनी लिहिलेल्या गोष्टींची खरीखुरी पुस्तकं करून त्यांच्या हातात द्यायची, एवढाच आमचा व्यवसाय. माणसं तीन. मी, माझी मोठी बहीण आणि स्कॅनिंग-बाइंडिंग बघणारा एक हुशार मुलगा.

मी आधी डीटीपी करायचो. बिलबुकं, लेटरहेड, प्रश्नपत्रिका असलं काम. ताई प्राथमिकला शिकवायची आणि तपासायच्या वह्या घरी आणायची, एकदा रात्री तिने एक वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली हे वाच. दुसरीतल्या मुलाचा 'माझे घर' हा निबंध होता. पहिल्या चार ओळी नेहमीच्याच, माझे घर मला खूप आवडते वगैरे, आणि मग मधेच, 'आमच्या घरात एक दार आहे ते लागत नाही. त्याला बाहेर बघायचं असतं.' खाली लाल पेनने शेरा होता, शुद्धलेखन सुधारा. शेरा ताईचाच, तिनेच दुपारी घाईत लिहिलेला. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली होती. आमचं काम तिथून सुरू झालं असं मी मानतो, मशीन वगैरे सगळं नंतर आलं.

सुरुवातीला आमच्याकडे विकायला काहीच नव्हतं, फक्त एक घडी होती. एफोर कागद तीनदा दुमडला आणि मधे एकच काप दिला की आठ पानांची छोटी पुस्तिका होते, पिनही लागत नाही. पुढचं पान नावाला, मागचं रिकामं ठेवायला, मधली सहा पानं गोष्टीला. ही सहा पानं फार कामाची ठरली. वहीचं मोठं पान बघून सात वर्षांचं मूल आधीच दमतं पण एवढ्याशा पानावर दोन ओळी आणि एक चित्र सहज होतं, आणि पान उलटलं की ते स्वतःच स्वतःला विचारतं, मग काय झालं? तो प्रश्न मोठ्यांनी विचारावा लागतच नाही. पहिलं वर्ष आम्ही सुट्टीच्या दिवशी दहा-बारा मुलं घेऊन एवढंच केलं.

मग पालक म्हणायला लागले की याच्या जास्त कॉपी हव्यात, आणि मी छपाईच्या बाजूने विचार करायला लागलो. ऑफसेट छपाईला आधी पानाची धातूची प्लेट बनवावी लागते, तो खर्च पाचशे-हजार प्रतींवर विभागला तरच परवडतो, आम्हाला तर एका वर्गाच्या तीस-चाळीस प्रती हव्या होत्या. डिजिटल प्रिंटिंगमुळे ते जमलं, तिथे प्लेटच नाही, दहा प्रती काढा नाहीतर शंभर. आतलं पान १०० जीएसएम, कव्हर २५० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तर कागद जाड), आणि सेंटर पिन, म्हणजे कागद मधे दुमडून घडीवर मारलेल्या पिना. सेंटर पिनला पानं चारच्या पटीत लागतात त्यामुळे अठरा पानांचा मजकूर आला की दोन पानं उरायची, ती आम्ही 'यापुढची गोष्ट तू लिही' म्हणून कोरी सोडायचो, आजही सोडतो.

आता ती चूक सांगतो, जिच्यामुळे आमचं सगळंच बदललं. आमच्या पहिल्या छापील संग्रहात दुसरीतल्या एका मुलीची गोष्ट होती. तिने लिहिलं होतं,

'माझा एक मोजा हरवला. दुसरा मोजा वाट बघत बसला. मी त्याला सांगितलं तो येनार नाही. तो मनाला मी थांबतो.'

चारच ओळी. मला वाटलं पानावर फार रिकामं दिसतंय आणि मी ती 'नीट' केली. सुरुवातीला 'एके दिवशी' टाकलं, मधे 'मला खूप वाईट वाटले' आणि शेवटी 'म्हणून आपण आपल्या वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात'. शुद्धलेखन चोख, पान भरलेलं, मी खूश. पुस्तकं वाटली त्या दिवशी सगळी मुलं आपापलं पान शोधत होती, या मुलीने पान उघडलं, बोट ठेवून वाचलं, मग कव्हर बघितलं, परत पान वाचलं आणि ताईला विचारलं, 'हे कोणी लिहिलं?' रडली नाही, चिडली नाही. तिला खरंच वाटलं की पुस्तक बदललंय आणि तिचं कुठेतरी दुसरं आहे. ताईने माझ्याकडे बघितलं. मी त्या रात्री तिचं पान जसंच्या तसं लावून तिच्यासाठी वेगळी प्रत काढली आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिली, पण उरलेल्या सगळ्या प्रतींमध्ये तो माझा उपदेश छापलेलाच आहे. एक प्रत टेबलाच्या खणात ठेवलीय.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. ठरवलं की कानामात्रासुद्धा बदलायचा नाही. पुढचा संग्रह तसाच 'येनार', 'मनाला' सकट छापला आणि ज्या शाळेचं काम होतं तिने सगळी पुस्तकं परत पाठवली, म्हणाले यात चुका आहेत, आम्ही पालकांना काय दाखवणार. पैसे अडकले ते अडकलेच पण तेव्हा मला सगळ्यात वाईट वाटलं ते मुलांचं, कारण त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या चुकांमुळे पुस्तक रद्द झालं.

तर त्या चुकांबद्दल जरा बोलायलाच पाहिजे. १९७१ साली चार्ल्स रीड नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने अजून शाळा सुरू न झालेल्या लहान मुलांच्या स्पेलिंगवर लेख प्रसिद्ध केला होता, त्याच्या लक्षात आलं होतं की मुलं मनाला येईल ते लिहीत नाहीत, कानाला येतं ते लिहितात. इंग्रजी 'ट्रक' लिहिताना ती 'टीआर'च्या जागी 'सीएचआर' लिहायची, कारण इंग्रजी उच्चारात तो आवाज खरंच 'च्र'च्या जवळ जातो, मोठ्यांना तो ऐकू येत नाही कारण मोठ्यांना स्पेलिंग पाठ असतं. मराठीतही हेच. 'येनार' लिहिणारं मूल घरी ऐकतं तेच लिहितं. 'पुस्तक'चं 'पुसतक' होतं कारण जोडाक्षर म्हणजे काय हे हाताला अजून कळलेलं नसतं, कानाला कळलेलं असतं. आणि पहिली वेलांटी तर खरोखर अवघड आहे बघा, 'कि' म्हणताना क आधी आणि इ नंतर, पण कागदावर वेलांटी अक्षराच्या आधी काढायची! सहा वर्षांच्या मुलाने ती नंतर काढली तर ते बरोबरच ऐकतंय. हे कळल्यावर ताईने 'चूक' हा शब्द वर्गात वापरणंच सोडलं.

शेवटी आम्ही जोडपान काढलं. डाव्या पानावर मुलाचं हस्ताक्षर स्कॅन करून जसंच्या तसं, खाडाखोडीसकट, आणि उजव्या पानावर तोच मजकूर टाईप करून, ऱ्हस्व-दीर्घ आणि ण-न प्रमाण, पण शब्द तेच, क्रम तोच, वाक्य तिथेच संपणार जिथे मुलाने संपवलं. पानं दुप्पट झाली, खर्च वाढला, पण शाळांची तक्रार संपली आणि मुलांना दोन्ही पानं शेजारी ठेवून बघायला प्रचंड आवडतं, तिसरीतली मुलं तर फरक शोधायचा खेळच करतात आणि त्यातून जेवढं शुद्धलेखन शिकतात तेवढं लाल पेनने कधी शिकली नसती असं ताईचं स्पष्ट मत आहे.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि काम एकदम थांबलं. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे फोटो पाठवायचे, तिरके, सावली पडलेले, पेन्सिल इतकी फिकी की छापताच यायचं नाही (तेव्हापासून आम्ही मुलांना टूबी (नेहमीपेक्षा गडद) पेन्सिल देतो, स्कॅनला उठून दिसते). मग कंटाळून ताईने एका मुलाच्या आईला सांगितलं, लिहीत नसेल तर राहू द्या, त्याला व्हॉइस मेसेज करायला सांगा. पहिलीतला मुलगा, वहीत दोन ओळींच्या वर कधी न गेलेला. त्याने नऊ मिनिटांची गोष्ट पाठवली, एका मुंगीची, जिला लिफ्टचं बटण दाबायचं होतं आणि कोणीच उचलून घेत नव्हतं. आम्ही ती शब्दन् शब्द उतरवली, 'आणि मग' चाळीस वेळा आलं तेही ठेवलं. तेव्हा आम्हाला कळलं की या वयात गोष्ट आणि हात यांचा वेग जुळतच नाही, डोक्यात मुंगी लिफ्टपर्यंत पोचलेली असते आणि हात अजून 'मुं'वरचा अनुस्वार देतोय. ज्याला आपण 'हा काही लिहीत नाही' म्हणतो त्याचा बहुतेक वेळा हात दमलेला असतो. म्हणून आता प्रत्येक सत्रात एक मोठं माणूस फक्त उतरवून घ्यायला बसतं. मूल सांगतं, आपण लिहायचं, मग त्याला वाचून दाखवायचं. ते लगेच म्हणतं, नाही, मी असं नाही म्हणालो. आणि ते बरोबर असतं.

छापखान्याच्या माणसाला फ्रेने माहीत असायला हवा असं मला वाटतं. सेलेस्तँ फ्रेने, फ्रान्समधल्या एका छोट्या गावातला प्राथमिक शिक्षक, पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाली म्हणून वर्गात फार वेळ बोलता यायचं नाही. १९२४ साली त्याने वर्गात एक छोटं छपाईयंत्रच आणलं. मुलं स्वतःचं लिहायची, वर्ग मिळून कुठलं छापायचं ते ठरवायची, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) स्वतः जुळवायची आणि छापलेली पानं दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. मला त्यातली सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे तिथे मजकूर दुरुस्तही व्हायचा, पण मुलांसमोर, लिहिणाऱ्याला विचारून. मी मोज्याच्या गोष्टीत नेमकं तेच केलं नव्हतं. मी रात्री, एकट्याने, तिच्या मागे बदल केला होता. तेव्हापासून आमच्याकडे प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचं तपासायचं पान, मुलाकडे जातं. पहिलीतल्या मुलाकडेसुद्धा. सही म्हणून ते एक चित्र काढतं.

सत्रात विषय म्हणून आम्ही 'पावसाळ्यातला एक दिवस' कधीच देत नाही, त्याची वाक्यं मुलांना आधीच पाठ असतात. जियानी रोदारी या इटालियन बाललेखकाची एक युक्ती वापरतो, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांची गाठ घालायची. एका डब्यात चिठ्ठ्या, दुसऱ्या डब्यात चिठ्ठ्या. शिडी आणि ताप. बटण आणि हत्ती. 'शिडीला ताप आला म्हणून ती आडवी झाली', हे पाच मिनिटांत आलं होतं. आधी चित्र, मग बोलणं, मग लिहिणं, आणि लिहिणं वीस मिनिटांच्या वर नाही. 'यातून काय शिकायला मिळालं' हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे, पालक बसले असतील तर त्यांना आधीच सांगतो.

हक्काचं विचाराल तर गोष्ट त्या मुलाचीच, तसं पहिल्या पानावर छापतो, पालकांची लेखी परवानगी घेतो, नाव फक्त पहिलं आणि इयत्ता, फोटो नाही.

मागच्या महिन्यात एक प्रूफ परत आलं. दुसरीतला मुलगा, शब्द सगळे बरोबर म्हणाला, पण चित्रावर बोट ठेवून विचारलं, माझा सूर्य कुठे गेला? मुलं सूर्य नेहमी कागदाच्या अगदी कोपऱ्यात काढतात आणि आमच्या कटिंगमध्ये तो अर्धा उडाला होता, किती पुस्तकांत उडाला असेल देव जाणे. आता कोऱ्या कागदावर चारही बाजूंनी एक सेंटीमीटर आत फिकट निळी रेघ छापून देतो, तिच्या आत काढ म्हणून. निम्मी मुलं तरीही रेघेच्या बाहेर काढतात, त्यांच्यासाठी ते पान थोडं लहान करून लावतो.