पाणी कडकडीत, बिलही कडकडीत

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला लागून. किल्ला आमच्या दक्षिणेला, त्यामुळे थंडीत गच्चीवर ऊन उशिरा येतं आणि लवकर पळतं. सोलरचं पाणी जेमतेम कोमट व्हायचं. शेवटी सोलर काढला आणि हीट पंप बसवला. २०० लिटरची टाकी, शेजारी एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा पंखेवाला डबा. हा डबा हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पदरात पडते. शिवाय टाकीत २ किलोवॉटची कॉइल असते, गीझरमध्ये असते तशीच. पंप कमी पडला की ती आपली आपण चालू होते आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

पहिला हिवाळा मजेत गेला. यंदा दिवाळीआधी सर्व्हिसिंग करून घेतलं (कासचं पाणी कमी पडलं की आम्ही बोअरचं चढवतो, त्याचा क्षार टाकीत बसतो) आणि त्यानंतरच्या बिलाने डोळेच फिरले. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. ३०० युनिटांची रेघ ओलांडली की वरचं प्रत्येक युनिट चांगलंच महाग पडतं.

कंपनीचा माणूस आला. स्क्रीनवर थर्मोस्टॅट ५५ वर होता. "सेटिंग बरोबर आहे मॅडम, थंडीत एवढं येणारच." कॉइलच्या केबलला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा) लावला, शून्य आलं, कॉइल बंद आहे म्हणाला. नंतर आलेल्या दुसऱ्याने हीट पंपाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलायला सांगितला. बोर्डाची किंमत ऐकून मी म्हटलं, थांबा जरा.

हिशोब काही अवघड नव्हता. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साधारण ७ युनिट उष्णता लागते. कॉइलने तापवलं तर मीटरवर सातच्या सात पडतात, पंपाने तापवलं तर अडीचच्या आतबाहेर. हवा गार असली की पंप थोडा जास्त खातो, हे खरं. पण आमच्या बिलातली वाढ 'थोडी' नव्हती.

मग मीटरलाच विचारायचं ठरवलं. आमच्या मीटरवरचा लाल दिवा १६०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तसं त्यावर छापलेलंच असतं. दुपारी घरातले सगळे एमसीबी खाली केले, फक्त हीट पंपाचा चालू ठेवला आणि मोबाइलवर घड्याळ लावून जिन्याखाली बसले. पंप एकटा चालू असताना मिनिटाला वीसेक लुकलुक. म्हणजे पाऊण किलोवॉट, ठीक. बऱ्याच वेळाने दिवा एकदम घाईला आला, सत्तरच्या वर. पुढे गच्चीवरच्या पंख्याचा आवाज थांबला तरी दिवा पन्नासच्या पुढे धावतच होता. २ किलोवॉटला हिशोबाने ५३ यायला हवेत. म्हणजे पंप गप्प आणि कॉइल एकटी काम करतेय!

पण ५५ अंशांसाठी कॉइल लागतेच कशाला? आमचा पंप ६० पर्यंत एकटा नेतो. इथे आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, उपयोगी पडल्या. त्या रोज खुशीत म्हणत होत्या, "यंदा पाणी कसं कडकडीत येतंय गं!" विसणाला आधीपेक्षा जास्त गार पाणी लागत होतं, आणि सगळे खूश असल्यामुळे तक्रार कोण करणार? चिक्कीचा पाक बघायला आणलेला थर्मामीटर घेऊन गच्चीवर गेले आणि टाकीलगतच्या नळाखाली धरला. नळाला ५८, स्क्रीनवर ४६.

आमच्या फ्रीज-एसीवाल्या मेस्त्रींना बोलावलं. एमसीबी पाडून, टेस्टर लावून बघून त्यांनी टाकीचं झाकण काढलं. टाकीच्या अंगात एक बारीक नळी असते, तिच्यात पेन्सिलीच्या टोकाएवढा सेन्सर खुपसलेला असतो. आमचा सेन्सर अर्ध्याहून जास्त बाहेर आलेला, वायर ताणून केबलटायने आवळलेली. "वहिनी, हा पाणी मोजतच नाहीये, झाकणाखालची हवा मोजतोय."

सगळं तिथेच उलगडलं. सेन्सर बारा अंश कमी सांगत होता, त्यामुळे स्क्रीनवर ५५ दिसायला पाणी प्रत्यक्षात ६७ व्हायला हवं. ते पंपाच्या आवाक्याबाहेरचं. पंपातल्या गॅसचा दाब वाढला की पंप स्वतःला वाचवायला बंद पडायचा आणि उरलेली मजल कॉइल मारायची. सेन्सर स्वतः धडधाकट होता. मल्टिमीटरवर त्याचा रोध गार असताना दहा हजार ओहमच्या आसपास, कढत पाण्यात बुडवला की आकडा सरसर खाली. थर्मल पेस्ट लावून तो तळापर्यंत सारला, क्लिप बसवली, वायर सैल सोडली. बोर्डाला हातही लावावा लागला नाही. क्लॅम्पच्या शून्याचं कोडंही मेस्त्रींनी सोडवलं: अख्ख्या केबलला लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, एकच वायर वेगळी करून धरावी लागते. कंपनीच्या माणसाला हे ठाऊक नसावं, याचं मात्र नवल वाटलं.

आता थर्मोस्टॅट ५२ वर आहे. पाणी पाच अंश उतरलं की पंप परत चालू होतो. टायमर पहाटेचा काढून दुपारी बारा ते चार केला, कारण जानेवारीतही दुपारची हवा पहाटेपेक्षा बरीच उबदार असते आणि पंपाला तीच हवी. रात्रभरात टाकी फारशी निवत नाही. कॉइल आठवड्यातून एकदा, पाणी ६० च्या वर नेऊन जंतू मारण्यापुरती. पुढचं बिल ३०० च्या आत आलं.

आत्यांना पाणी पूर्वीसारखं कढत लागत नाही, त्या कुरकुरतात. त्यांच्यासाठी दोन अंश वाढवले. मेस्त्रींकडून कॉइलच्या लाइनवर एक लाल इंडिकेटर घेऊन तो स्वयंपाकघरात बसवलाय. भलत्या दिवशी पेटला तर आत्याच आधी हाक मारतात.