मनगटासाठी स्प्लिट कीबोर्ड: आधी टेबल मोजा

मनगट दुखायला लागलं की लोक लगेच नवा कीबोर्ड शोधतात. त्याआधी टेप आणून टेबल मोजावं. ऑफिसची टेबलं साधारण 75 सेंटीमीटर उंच असतात. बेताच्या उंचीच्या माणसाचं कोपर बसल्यावर टेबलाच्या बरंच खाली राहतं. मग खांदे वर चढतात आणि मनगट टेबलाच्या कडेवर टेकून मागे वाकतं. कोपर कीबोर्डच्या पातळीला किंवा बोटभर वर येईल इतकी खुर्ची उचला. पाय लोंबकळले तर खाली पाट घ्या.

कीबोर्डच्या मागे उघडणारे ते दोन छोटे पाय कायमचे मिटून टाका. त्यांनी मनगट आणखी मागे वाकतं, फायदा काहीच नाही. उलट पुढची, म्हणजे आपल्याकडची कड सेंटीमीटरभर उचलून बघा.

एवढं करूनही त्रास राहिला तर स्प्लिट, म्हणजे दोन सुट्या भागांच्या कीबोर्डचा विचार करा. साध्या कीबोर्डवर दोन्ही हात मध्ये येतात, त्यामुळे मनगटं करंगळीच्या बाजूला मुरडतात. दोन सुटे भाग खांद्यांइतके लांब ठेवले की ही मुरड जाते. हाताच्या पाठीवर फूटपट्टी ठेवून तपासा: कोपरापासून मधल्या बोटाच्या सांध्यापर्यंत रेघ सरळ हवी. मग टेंटिंग, म्हणजे प्रत्येक भागाची अंगठ्याकडची बाजू उचलणं. भाग 15 सेंटीमीटर रुंद असेल तर अडीच सेंटीमीटर उचलल्यावर सुमारे 10 अंशांचा उतार मिळतो. सुरुवातीला तेवढा पुरे. जास्त केला तर भाग घसरतात. लॉजिटेक एर्गो के860 सारख्या अखंड, वळणदार कीबोर्डचा कोन ठरलेला असतो, शिवाय नंबरपॅड जोडलेला असल्याने माऊस लांब जातो आणि खांदा दुखतो.

हलक्या स्विचचा, म्हणजे प्रत्येक कीखालच्या यंत्रणेचा फार गवगवा होतो. चेरी एमएक्स रेड हा असाच एक स्विच 45 ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला, 2 मिलिमीटरवर अक्षर उमटवतो; पण की तळाला आपटेपर्यंत दाबायची सवय असेल तर बोटांचा धक्का काही कमी होत नाही.

इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिपींच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीवर मराठी टाइप करणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं, त्यांचा खरा शत्रू शिफ्ट. ‘आणि’ घ्या. आ म्हणजे शिफ्ट आणि इंग्रजी ई (E), ण म्हणजे शिफ्ट आणि सी (C). आ, ण आणि वेलांटी अशा तीन कींमध्ये दोनदा शिफ्ट. ई आणि सी दोन्ही डाव्या मधल्या बोटाच्या. अशा वेळी उजवी शिफ्ट दाबायला हवी, पण बहुतेक जण डावीच दाबतात. करंगळी खालच्या कोपऱ्यात आणि मधलं बोट एकदा वर, एकदा खाली, असा पंजा ताणला जातो. ख, ध, भ, ळ, श यांनाही शिफ्ट लागतेच. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज चालू करायचं विचारतं. मग शिफ्ट आधी दाबून सोडायची, अक्षर नंतर. हा उपाय फुकट आहे. क्यूएमके, म्हणजे कींची कामं बदलू देणारं कीबोर्डमधलं सॉफ्टवेअर, चालणाऱ्या स्प्लिट कीबोर्डवर तर ‘वन-शॉट’, म्हणजे दाबून सोडली की फक्त पुढच्या अक्षराला लागणारी शिफ्ट सरळ अंगठ्याखाली बसवता येते, आणि माझ्या मते महागडा कीबोर्ड घेण्याचं सगळ्यात सबळ कारण तेच.

मुंग्या कुठे येतात ते मात्र नीट बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, रात्री हात झटकत जाग येत असेल तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांकडे जा, नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का याची तपासणी करायची का ते ते ठरवतील. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर अडचण बहुधा कोपराशी असते. तिथे कीबोर्ड बदलून उपयोग नाही. खुर्चीच्या हातावर कोपर दाबून बसणं थांबवा.

नव्या कीबोर्डवर सुरुवातीचे काही आठवडे वेग पडतो. बी, म्हणजे इनस्क्रिप्टचा व, उजव्या तर्जनीने दाबणाऱ्यांची तर पंचाईतच होते, कारण ती की डाव्या भागावर गेलेली असते. डेडलाइनच्या दिवशी जुना कीबोर्ड बाहेर काढायला लाजू नका.