दोर कुठे कापला?

नाशिकरोडच्या आमच्या शाळेत तास चालू असताना मधूनच खिडक्यांची तावदानं थरथरतात. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालू असतो. बाहेरगावाहून नवीन आलेलं मूल दचकतं, बाकीच्यांची मान वहीतून वरही होत नाही. फाळणीनंतर तोफखान्याची शाळा आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून देवळालीला आली आणि नाशिकरोडला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे आमच्या प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं तरी फौजी घरातली असतात. शिवाय सिन्नर, निफाड, चांदवडकडून शहरात राहायला आलेली कुटुंबं आहेत. त्यांच्याही घरी एखादा काका, एखादे आजोबा पेन्शनीवर आलेले असतात. आपल्याकडे गावात फौजीचा हुद्दा कुणी विचारत नाही, सगळे त्याला मेजरच म्हणतात.

मी नववी-दहावीला मराठी शिकवते. दहावीच्या उपयोजित लेखनात कथालेखन असतं आणि मुलं वर्षानुवर्षं त्याच चार गोष्टी फिरवून लिहितात: प्रामाणिक रिक्षावाला, जखमी पक्षी, कष्टाळू मुलगी, गावातला दुष्काळ. मला वाटलं, ज्या घरांत खऱ्या गोष्टी आहेत, तिथे मुलांना पाठवावं. सैनिकाकडून त्याची लढाईतली हकिकत ऐकायची आणि कथानकाच्या रचनेत बसवून ती पुन्हा सांगायची. नववीचा वर्ग, चाळीस मुलं, चौघाचौघांचे गट. जूनमध्ये सुरुवात केली. कारगिल विजय दिनाला, २६ जुलैला, शाळेत कार्यक्रम असतो, तिथे वाचन करायचं ठरलं.

मुलं मोबाइलवर रेकॉर्डिंग घेऊन आली. सगळ्यात मोठं एक तास पन्नास मिनिटांचं होतं. पण लिहायला बसवल्यावर दोनच प्रकार हाती आले. काहींनी भरतीपासून पेन्शनीपर्यंत सगळं ओळीने लिहिलं, ‘मग’, ‘त्यानंतर’ आणि ‘नंतर’ घालून. बाकीच्यांनी भाषण लिहिलं. ‘भारतमातेचा वीर सुपुत्र’, ‘शत्रूला पाणी पाजले’, ‘रक्ताचा थेंब न् थेंब’. दोन्हीकडे तो माणूस कुठे दिसत नव्हता.

मग मी फळ्यावर त्रिकोण काढला. जर्मन लेखक गुस्टाफ फ्रायटाग यानं १८६३ मध्ये नाटकांचा अभ्यास करून कथानकाचे पाच टप्पे मांडले होते. प्रारंभ, चढत जाणारा संघर्ष, उत्कर्षबिंदू, उतार आणि शेवट. मुलांनी त्रिकोण वहीत छान काढला, पट्टीने आखला, रंगवलासुद्धा. लिखाणात काहीही फरक पडला नाही.

फरक पडला तो सिंहगडामुळे. तानाजीची हकिकत चौथीच्या इतिहासापासून प्रत्येकाला तोंडपाठ. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र. ती मी मुलांकडून सांगून घेतली आणि विचारलं, यातला उत्कर्षबिंदू कोणता? निम्मा वर्ग म्हणाला, तानाजी पडतो तो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “नाही मॅडम, सूर्याजी दोर कापतो तो. तानाजी पडल्यावर मावळे पळायला लागले होते ना. दोर कापला नसता तर गेलेच असते पळून.” दोराची हकिकत परंपरेनं चालत आलेली आहे, पण गोष्ट म्हणून तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ज्या क्षणानंतर मागे फिरणं उरत नाही, तो कळस. मोठा आवाज होतो किंवा झेंडा लागतो, त्या जागी तो असेलच असं नाही. ‘परतीचे दोर कापले’ असं आपण येता-जाता म्हणतो आणि त्यातच अख्ख्या कथानकाची किल्ली आहे. त्या दिवसापासून वर्गात ‘उत्कर्षबिंदू’ हा शब्द मागे पडला. मुलं एकमेकांना विचारायची, “तुमच्यात दोर कुठे कापला?”

मग आम्ही वर्गाच्या भिंतीवर सुतळ्या बांधल्या. रेकॉर्डिंगमधली प्रत्येक घटना एका चिठ्ठीवर लिहायची आणि कपड्यांच्या चिमट्याने सुतळीला लावायची. आधी घडल्या क्रमाने. मग दोराची चिठ्ठी शोधायची, तिच्याखाली लाल चिमटा लावायचा. त्या क्षणाकडे नेणाऱ्या चिठ्ठ्या ठेवायच्या, बाकीच्या काढून खोक्यात टाकायच्या. खोक्यातली चिठ्ठी फाडायची नाही, हा नियम. एका गटाच्या सुतळीवर पहिल्या दिवशी एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या, शेवटी तेरा राहिल्या. काढताना मुलांची भांडणं झाली आणि त्या भांडणांतच ती रचना शिकली, असं माझं ठाम मत आहे.

ऐकायला जाण्याबाबतही काही गोष्टी ठरवाव्या लागल्या. पहिल्याच भेटीत एका मुलाने विचारलं होतं, “तुम्ही किती जणांना मारलं?” समोरचे गृहस्थ उठून पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यानंतर वर्गात ठरलं, हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. पलटणीच्या कामाची जी गोष्ट ते सांगायची नाही म्हणतील, ती खोदायची नाही. आणि बोलता बोलता ते गप्प झाले तर आपणही गप्प बसायचं. नववीच्या मुलांना हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

एका मुलाचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, डिसेंबर १९७१ मध्ये, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. तिथली एक घटना प्रसिद्ध आहे. ब्रिगेडियर हरदित सिंग क्लेर यांनी पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र पाठवलं आणि उलट उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीसकट. मुलांना हे कुठेतरी वाचायला मिळालं आणि त्यांनी लाल चिमटा तिथेच लावला. मी नातवाला म्हटलं, आजोबांना एकदा विचार, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का? आजोबा हसले. “आम्हाला कोण सांगतंय? आम्ही रात्रीचं चिखलात पडलेलो. ते गोळीचं नंतर ऐकलं, घरी आल्यावर.” नातवाने स्वतः उठून चिमटा काढला. इतिहासाचा कळस तो होता, आजोबांचा नव्हता. ‘तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं की नंतर कळलं?’ हा प्रश्न तेव्हापासून आमच्या प्रश्नांच्या यादीत सगळ्यात वर गेला.

इतकं सगळं करूनही एक मोठी चूक झाली आणि ती माझी होती. एकेचाळीस चिठ्ठ्यांची ती गोष्ट जेलरोडला राहणाऱ्या एका काकांची. ते तोफखान्यात होते, १९९९ला द्रासच्या भागात. मुलांनी लिहिलेलं मला खूप आवडलं. कार्यक्रम तोंडावर आला होता. काकांना आधी वाचून न दाखवता मी ते वाचनाला घेतलं. काका पहिल्या रांगेत बसले होते, पांढरा शर्ट, छातीवर मेडल. मुलांच्या गोष्टीत बोफोर्स धडाडत होती आणि ४ जुलैला टायगर हिल सर झाल्यावर काका तिरंग्याकडे बघत सलाम करत होते. टाळ्या खूप पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर काका मुलांजवळ आले. एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, “छान लिहिलंय पोरांनो. पण हा मी नाही.”

त्यांची तोफ बोफोर्स नव्हतीच, १०५ मिलिमीटरची फील्ड गन होती. त्या लढाईत तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले, त्यात अशा तोफांचाही वाटा होता, पण नाव बोफोर्सचं राहिलं. आणि टायगर हिलचा माथा त्यांनी पाहिलेलाच नव्हता. तोफा डोंगराच्या अलीकडे, खाली असतात. रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी हे दोन्ही सांगितलं होतं. मुलांना ते गोष्टीत बसेना, म्हणून त्या चिठ्ठ्या खोक्यात गेल्या होत्या. आणि मी ते खोकं उघडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि विचारलं, मुलांना पुन्हा एकदा वेळ द्याल का? ते म्हणाले, “मॅडम, पोरांना पाठवा. पण मोबाइल नको.”

पुढच्या शनिवारी ते स्वतःच वर्गात आले. एका मुलाच्या दप्तरातली पाण्याची बाटली घेतली, थोडं पाणी ओतून दिलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली बाकावर आडवी ठेवली. आत हवेचा एक लांबट बुडबुडा. बाक थोडा कलता होता, बुडबुडा एका टोकाला गेला. काकांनी बाटलीखाली एका बाजूला खडू सरकवला, मग अर्धा खडू, मग दुमडलेला कागद. बुडबुडा हळूहळू मध्ये आला. “मी लेयर होतो. तोफेचा नेम लावणारा. साइटमधला बुडबुडा असा मध्ये आला की मी ‘रेडी’ म्हणायचो. माझी लढाई एवढीच.”

मग त्यांनी ती रात्र सांगितली. आपली पायदळाची तुकडी वर कड्यावर चढत होती. तिच्याबरोबर तोफखान्याचा अधिकारी, तो वायरलेसवरून सांगणार, गोळा कुठे हवा. पन्नास मीटर पुढे, पन्नास मागे. विरळ हवेत गोळा सपाटीपेक्षा लांब जातो, त्याचा हिशोब वेगळा. आणि कडा अरुंद, थोडं चुकलं तर गोळा पलीकडच्या दरीत पडणार, नाहीतर अलीकडे. अलीकडे आपलीच माणसं. त्या रात्री वरून मागणी आली ती अगदी जवळच्या जागेची. काकांनी नेम लावला, बुडबुडा मध्ये आणला. मागून ‘लवकर’ म्हणून ओरडा चालू होता. त्यांनी ‘रेडी’ म्हटलं नाही. पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हटलं.

गोळा गेला. आणि वायरलेस बंद पडला.

“किती वेळ?” एका मुलीने विचारलं.

“दहा मिनिटं असतील. मला विचारशील तर अजून चालू आहे.”

नंतर वरून आवाज आला, तुकडी पुढे सरकली होती. वायरलेस का बंद पडला होता, ते काकांना कुणी सांगितलं नाही आणि विचारायला सवड नव्हती, पुढची मागणी आली होती.

वर्गात कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी मुलांना गप्प बसा म्हणून सांगावं लागलं नाही.

सोमवारी त्या गटाने सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या. टायगर हिल खोक्यात गेलं. खोक्यातून तीन चिठ्ठ्या परत आल्या: ‘बिनसाखरेचा चहा’, ‘आईचं पत्र खिशात, वाचायला उजेड नाही’ आणि ‘गोळा कुठे पडला हे आम्हाला दिसत नाही’. ही तिसरी पहिल्या वेळी सगळ्यात आधी काढली होती, कारण मुलांना ती कंटाळवाणी वाटली होती. आता ती प्रारंभी लागली आणि पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी राहिली. लाल चिमटा ‘रेडी’ या एका शब्दाखाली लागला. उतारासाठी ती दहा मिनिटं. शेवट काय करायचा, यावर दोन दिवस वाद झाला. एकाचं म्हणणं, वायरलेस का बंद पडला याचं काहीतरी कारण घालू, नाहीतर वाचणाऱ्याला अर्धवट वाटेल. बाकीचे तिघे म्हणाले, काकांनाच जे माहीत नाही, ते आपण कसं घालायचं? शेवटी ते तसंच ठेवलं.

या वेळी वाचायला आम्ही काकांच्या घरी गेलो, मी आणि चौघं मुलं. काकूंनी पोहे केले होते, ते निवून गेले. काकांनी ऐकून घेतलं, मग कागद मागितला. चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. मध्ये एका ओळीवर थांबले. मुलांनी लिहिलं होतं, ‘मी रेडी म्हटलं तेव्हा थंडीने माझे हात थरथरत होते.’ पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ते असंच म्हणाले होते, मुलांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला होता.

काकांनी पेन्सिल मागितली आणि ‘थंडीने’ हा शब्द खोडला.