रात्री डायपर का गळतो? तुम्ही विचारलंत म्हणून

“मावशी, रात्री डायपर गळतोय, याच्यापेक्षा भारी कंपनीचा दाखवा,” अशी मागणी बेळगावातल्या आमच्या लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात नेहमीच होते. विचारणाऱ्या आया कधी शहापूर-वडगावच्या असतात, कधी खानापूर-निपाणीहून बाजाराला आलेल्या, तर कधी सीमेपलीकडच्या चंदगडच्या. कुणी मराठीत विचारते, कुणी कन्नडमध्ये. गाऱ्हाणे मात्र एकच असते की, मूल वर्ष-दीड वर्षाचे झाले आणि पहाटे त्याच्यासकट सगळे अंथरूण ओले होऊ लागले. दुकानातल्या गर्दीत याचे सविस्तर उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहीत आहे.

भारी डायपर दाखवण्याआधी मी उलट विचारते, ओले नेमके कुठे होते? बहुतेकींना ते लगेच सांगता येत नाही, कारण पहाटे चादर ओढून बाजूला टाकण्याची घाई असते. तरीही दोन-तीन रात्री तेवढे पाहून ठेवावे. डायपर पूर्ण भरून गळणे आणि तो निम्मा कोरडा असतानाच फटीतून गळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या पाहण्यात दुसरीच अधिक येते. सकाळी काढलेला डायपर हाताने दाबून पाहावा. तो पुढून-मागून सारखाच फुगून जड झाला असेल, तर त्याची शोषण्याची ताकद संपली असे समजावे. पुढचा भाग जड आणि मागचा सपाट कोरडा असेल, तर जागा शिल्लक असूनही लघवी तिथवर पोहोचलेली नाही.

असे का होते, तर डायपरच्या आतल्या लगद्यात सोडियम पॉलीॲक्रिलेटचे बारीक कण असतात. ते पाणी ओढून घेऊन जेलसारखे घट्ट होतात, पण त्याला थोडा अवधी लागतो. तान्हे बाळ थोडी-थोडी लघवी करते. २ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात मात्र साधारण ९० ते १२० मिलिलिटर लघवी मावते आणि ती पुष्कळदा एका दमात बाहेर येते. ती जेलमध्ये मुरेपर्यंत वाहतीच असते, आणि तेवढ्यात मांडीजवळ बोटभर फट सापडली तर डायपर कितीही महाग असला तरी ती बाहेर पडणारच.

म्हणून झालर पाहावी. मांडीच्या कडेला बाहेरची एक आणि आत उभी राहणारी दुसरी पातळ, अशा दोन झालरी असतात. झोपाळलेल्या मुलाला पँटसारखा डायपर घाईने वर ओढला की बाहेरची झालर आत दुमडते, आणि तिचा कपडा लघवी वातीसारखा बाहेर ओढत राहतो. डायपर चढवल्यावर दोन्ही मांड्यांभोवती एक बोट फिरवून बाहेरची झालर बाहेर काढावी आणि आतली जांघेत नीट बसली आहे ना, ते पाहावे. या एवढ्याशा कामाने जितक्या घरांतली तक्रार थांबली, तितक्या घरांतली कंपनी बदलून थांबलेली मी पाहिलेली नाही. मुलगा असेल तर शिश्न खाली वळवून मग डायपर वर घ्यावा. ते वर राहिले तर धार थेट कमरपट्ट्याकडे जाते आणि पोटाकडची बाजू भिजते. पालथ्या झोपणाऱ्या मुलांचेही पुढूनच ओले होते, आणि कुशीवर झोपणाऱ्यांचे मांडीच्या बाजूने.

साइजबद्दल सांगायचे तर, बहुतेक कंपन्यांच्या पँट-डायपरमध्ये मीडियम ७ ते १२ किलोंसाठी आणि लार्ज ९ ते १४ किलोंसाठी असतो, म्हणजे १० किलोंच्या मुलाला दोन्ही चालतात. अशा मुलाला दिवसा मीडियम आणि रात्री लार्ज घालावा, मात्र मांड्या बारीक असतील तर हा नियम सोडून द्यावा. मांडीवर सकाळी लाल वळ दिसत असतील, तर साइज लहान पडू लागला आहे.

एकावर एक दोन डायपर घालण्याची युक्ती पुष्कळजणी करतात, पण आतल्या डायपरच्या बाहेरचे प्लॅस्टिक लघवी पुढे जाऊच देत नाही आणि मांडीची फट उलट वाढते. आत जुन्या साडीची घडी ठेवली तरी तेच होते, शिवाय ओले कापड रात्रभर कातडीला चिकटून राहते.

मृग लागला की खानापूर-जांबोटीकडे दिवसचे दिवस ऊन पडत नाही, आणि कापडी लंगोट वापरणाऱ्या घरांचे खरे हाल तेव्हा सुरू होतात. त्या घरांना मी मायक्रोफायबरच्या पॅडखाली सुती पॅड घालायला सांगते, कारण मायक्रोफायबर लघवी पटकन ओढतो, पण मुलाचे वजन पडले की पिळल्यासारखा सोडून देतो. लंगोट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर मुळीच वापरू नये. मालिशचे खोबरेल तेल आणि रॅशचे जाड मलमही कापडावर थर धरून पाणी शोषू देत नाही. मलम पातळ लावावे आणि तेल कमर-मांडीवरून पुसून घ्यावे.

दूध, नाचणीची आंबील, पाणी अशा मुलाच्या पिण्याविषयी मला विशेष काळजी वाटते, कारण अंथरूण ओले होते म्हणून काही घरांत मुलाचे संध्याकाळनंतरचे पाणीच तोडतात. तसे करू नये. दिवसभराचे पिणे तेवढेच ठेवून त्यातला मोठा वाटा दुपार-संध्याकाळकडे सरकवावा, शेवटचे दूध झोपण्याच्या तासभर आधी द्यावे आणि नवा डायपर अगदी झोपवताना घालावा. संध्याकाळी सातचा डायपर रात्रीचा म्हणून चालवू नये. बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय तर दातांसाठीही वाईट आहे.

अंथरुणात गादीवर रबरी शीट, तिच्यावर वाकळ आणि वर सुती चादर, आणि त्याच क्रमाने पुन्हा एक शीट व चादर, असे दोन थर आधीच घालून ठेवले, तर रात्री वरचा थर काढला की काम भागते. एवढे करूनही मूल सतत तहानलेले असेल, डायपर नेहमीपेक्षा फारच भरत असतील आणि वजन उतरत असेल, किंवा लघवी करताना ते रडत असेल, तापत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. शौचाला खडा होत असेल तर तेही त्यांना सांगावे, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते.