पडद्यावरचा आकडा आणि अडलेली हार्ड डिस्क

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरात माझ्या मामांचा छापखाना आहे. तेथील अक्षरजुळणी आजही विंडोज एक्सपी ही जुनी कार्यप्रणाली असलेल्या एका संगणकावर चालते आणि त्याला सबळ कारण आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, देवस्थानांच्या पुस्तिका, २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थातील माहितीपत्रके असा सारा संग्रह पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आणि युनिकोड या आजच्या लिपी-मानकापूर्वीच्या मराठी फॉन्टांत साठवलेला आहे. त्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्याने नव्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर आणला की जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात, आणि मग प्रत्येक ओळ नव्याने तपासावी लागते. त्यातच फॉन्टांच्या सॉफ्टवेअरचे कुलूप, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही असे छोटे उपकरण (डोंगल), जुन्या प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावायचे आहे, आणि तो पोर्ट आजच्या संगणकांवर सहसा नसतो. ‘एक्सपी आभासी मशीनमध्ये (नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) टाका’ हा सल्ला अनेकजण देतात, परंतु असे कुलूप तेथे नीट ओळखले जाईलच याची खात्री देता येत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची कामे येऊ लागली असताना मामांना जुनी पाने आहेत तशी उघडून हवी होती.

अशा वेळी त्या संगणकातील ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलची) डिस्क टकटक आवाज करू लागली. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानांत चौकशी केली तेव्हा नवी म्हणून मिळणारी सर्वांत लहान डिस्क १ टीबीची होती आणि ती साटा या नव्या प्रकारच्या जोडणीची होती. सुदैवाने मदरबोर्डवर आयडीईबरोबर दोन साटा जोडण्याही होत्या. प्रश्न उरला तो २००१ साली बाजारात आलेली कार्यप्रणाली एवढी मोठी डिस्क पूर्णपणे ओळखेल का, हा. हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे, कारण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील यंत्रांना जोडलेले संगणक असोत किंवा एखाद्या लहान प्रयोगशाळेतील, ही अडचण अनेकांना येते आणि तिच्यावर मिळणारे सल्ले बहुधा अंदाजाने दिलेले असतात.

माझे ठाम मत असे आहे की येथे अंदाजाची गरजच नाही. जुनी प्रणाली मोठी डिस्क अर्धवट दाखवते तेव्हा ती जो आकडा दाखवते, तोच अडथळा कोठे आहे हे सांगतो. डिस्क, तिला चालवणारा कंट्रोलर, संगणक सुरू करणारे मदरबोर्डचे बायोस, डिस्कशी बोलणारा प्रणालीचा ड्रायव्हर, डिस्कच्या विभागांची नोंद असलेला पार्टिशनचा तक्ता आणि फायलींची मांडणी ठेवणारी फाइल सिस्टीम अशी ही साखळी आहे. तिच्यातील प्रत्येक कडीने सेक्टरचा (डिस्कवरच्या माहितीच्या सर्वांत लहान तुकड्याचा) क्रमांक लिहिण्यासाठी ठरावीक बिट राखून ठेवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक कडीची मर्यादा निश्चित असते. पडद्यावरचा आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हाती घ्यावा.

आकडा वाचण्यापूर्वी एक गोष्ट बाजूला काढणे आवश्यक आहे. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतात, तर विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून जीबी मोजते. त्यामुळे १६० जीबीची डिस्क विंडोजमध्ये १४९ जीबी, १ टीबीची ९३१ जीबी आणि २ टीबीची १८६३ जीबी दिसते. यात काहीही हरवलेले नसते. या आकड्यांवरून दुकानदाराशी वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

फार जुन्या संगणकांच्या मर्यादांचा उल्लेख थोडक्यात पुरे आहे. ५२८ एमबीवर, ८.४ जीबीवर किंवा ३३.८ जीबीवर अडलेली डिस्क दिसली तर अडथळा बायोसमध्ये आहे असे समजावे. बायोसची नवी आवृत्ती किंवा वेगळे कंट्रोलर कार्ड हाच त्यावरचा खरा इलाज आहे. ३३.८ जीबीच्या अडचणीसाठी त्या काळच्या डिस्कांवर क्षमता मुद्दाम ३२ जीबीपुरती मर्यादित करणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असे, आणि वापरलेली डिस्क विकत घेतल्यावर ती विनाकारण लहान दिसत असेल तर तो जंपर आधी तपासावा. विंडोज ९८ वापरणाऱ्यांना ६४ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर एफडिस्क या पार्टिशन करणाऱ्या साधनाचा चुकीचा आकडाही दिसतो. त्यावर मायक्रोसॉफ्टने सुधारित एफडिस्क दिले होते, परंतु १३७ जीबीच्या पुढे त्या प्रणालीला मूळचा आधार नाही.

खरा विस्ताराने सांगण्याजोगा भाग १३७ जीबीचा आहे. डिस्कशी बोलण्याच्या जुन्या एटीए पद्धतीत सेक्टरचा क्रमांक २८ बिटांत लिहिला जाई. २८ बिटांत २६ कोटी ८४ लाखांहून थोडे अधिक क्रमांक बसतात, आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा असल्याने एकूण १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट होतात. विंडोजच्या मोजणीत हे बरोबर १२८ जीबी. पुढे एटीए-६ या मानकाने ४८ बिटांचा पत्ता आणला आणि ही भिंत दूर झाली, परंतु एक्सपीची मूळ आवृत्ती त्याआधीची होती. ४८ बिटांचा आधार सप्टेंबर २००२ मधील सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा संच) पासून मिळाला. म्हणून सर्व्हिस पॅक नसलेल्या मूळ सीडीवरून इन्स्टॉलेशन सुरू केले की १ टीबीची डिस्क सुमारे १,३१,००० एमबीची दिसते. हा आकडा दिसला की डिस्क, केबल आणि वीजपुरवठा यांच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. अडथळा ड्रायव्हरमध्ये असतो किंवा बायोसमध्ये.

डिस्क नुसती लहान दिसली तर ते गैरसोयीचे आहे, परंतु त्यात धोका नाही. धोका वेगळ्या परिस्थितीत निर्माण होतो. दुसऱ्या संगणकावर पूर्ण क्षमतेची पार्टिशन करून, तिच्यात माहिती भरून ती डिस्क २८ बिटांपुरते पाहणाऱ्या प्रणालीला जोडली, तर पार्टिशनचा तक्ता पूर्ण आकार सांगतो आणि ड्रायव्हर मात्र त्या पत्त्याचे वरचे बिट गाळून टाकतो. छापखान्यातील सहा आकड्यांचे नंबरिंग मशीन ९९९९९९ नंतर पुन्हा ०००००० छापते, त्याचप्रमाणे १३७ जीबीच्या पुढे लिहावयाची माहिती डिस्कच्या आरंभी, म्हणजे पार्टिशनचा तक्ता आणि फाइल सिस्टीमची नोंद असते त्याच ठिकाणी जाऊन पडते. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. डिस्क जोपर्यंत १३७ जीबीपर्यंत भरलेली नसते तोपर्यंत सारे सुरळीत चालते आणि काही महिन्यांनी एके सकाळी सगळा संग्रह नाहीसा झालेला आढळतो. विंडोज २००० वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावे. तेथे सर्व्हिस पॅक ३ किंवा ४ बसवूनही ४८ बिटांचा आधार आपोआप सुरू होत नाही. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, एचकी लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, एटीएपीआय, पॅरामीटर्स या क्रमाने जाऊन ‘एनेबलबिगएलबीए’ नावाची डीवर्ड नोंद करावी लागते आणि तिची किंमत १ ठेवावी लागते.

मामांच्या संगणकासाठी मी प्रथम जुन्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, घेतली. इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून जीएनयू डीडीरेस्क्यू चालवले, कारण हे साधन खराब सेक्टरवर अडून न राहता आधी वाचता येईल तेवढे वाचते आणि नंतर अवघड भागाकडे वळते. टकटक करणाऱ्या डिस्कवर विंडोजमधून फायली एकेक करून ओढत बसणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य वाया घालवणे होय. प्रतिमा सुरक्षित झाल्यावर मूळ एक्सपीच्या सीडीतील फायलींमध्ये सर्व्हिस पॅक ३ मिसळून नवी सीडी तयार केली. सर्व्हिस पॅकच्या फायलीला इंटिग्रेट हा पर्याय देऊन हे करता येते, किंवा एनलाइट या साधनानेही होते. अशा सीडीमुळे इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर डिस्क पूर्ण दिसते.

साटा जोडणीचा प्रश्न याच टप्प्यावर येतो. एक्सपीमध्ये एएचसीआय या साटा डिस्क हाताळण्याच्या पद्धतीचा ड्रायव्हर मुळात नाही, त्यामुळे बायोसमध्ये तो प्रकार निवडलेला असेल तर इन्स्टॉलेशनला डिस्क सापडत नाही किंवा निळ्या पडद्यावर ७बी या क्रमांकाची चूक येते. येथे डिस्क लहान दिसत नाही, ती अजिबात दिसत नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. बायोसमध्ये साटाचा प्रकार आयडीई असा ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग, तर ड्रायव्हर फ्लॉपीवर घेऊन आरंभी एफ६ दाबणे किंवा तो सीडीतच मिसळणे हे दुसरे मार्ग आहेत. काही जुने व्हीआयए कंट्रोलर नव्या, अधिक वेगाच्या साटा डिस्कशी जुळवून घेत नाहीत. अशा वेळी डिस्कवर वेग १.५ गिगाबिटपर्यंत उतरवण्याचा जंपर असेल तर तो लावावा.

नव्या डिस्कांच्या पोटात ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर असतात आणि बाहेर मात्र त्या ५१२ चेच दाखवतात. एक्सपी आपले पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, आणि ६३ ला ८ ने भाग जात नसल्याने फाइल सिस्टीमचा प्रत्येक ४ केबीचा तुकडा डिस्कच्या दोन सेक्टरांवर पसरतो. परिणामी लिहिण्याच्या कामात डिस्कला आधी वाचून मग लिहावे लागते आणि जुना संगणक विनाकारण अधिकच मंद होतो. यावरचा उपाय सोपा आहे. पार्टिशन एक्सपीकडून करून न घेता विंडोज ७ किंवा जीपार्टेड हे पार्टिशनचे साधन वापरून १ एमबीच्या सीमेवर, म्हणजे २०४८ व्या सेक्टरपासून करावे आणि मग त्या तयार पार्टिशनवर एक्सपी बसवावी. मी तसेच केले. पहिले पार्टिशन मुद्दाम ६० जीबीचे ठेवले, कारण सुरुवातीच्या फायली वाचण्याचे काम बायोस करते. बायोस ४८ बिट जाणत नसेल आणि त्या फायली कालांतराने १३७ जीबीच्या पलीकडे गेल्या, तर चांगला चालणारा संगणक अचानक सुरू होईनासा होतो. उरलेल्या जागेत संग्रहासाठी एनटीएफएस या फाइल सिस्टीमचे दुसरे पार्टिशन केले.

एवढे झाल्यावर मामांनी साहजिकच विचारले, “मग थोडे पैसे जास्त घालून ४ टीबीची का घेतली नाहीस?” त्यांना दिलेले उत्तर येथेही देतो. एमबीआर प्रकारच्या पार्टिशन तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांवर त्याची मर्यादा सुमारे २.२ टीबी येते. तिच्यापुढे जाण्यासाठी जीपीटी तक्ता लागतो आणि ३२ बिटांची एक्सपी तो वाचू शकत नाही. ती त्या डिस्कला संरक्षित जीपीटी पार्टिशन म्हणते आणि हात लावू देत नाही. ३ टीबीची डिस्क एखाद्या जुन्या ड्रायव्हरखाली ७४६ जीबीची दिसली, तर ३ टीबीतून २.२ टीबी वजा करून उरलेले विंडोजच्या मोजणीत मांडून पाहावे. तोच आकडा येतो, आणि बिट गळण्याचा प्रकार येथेही घडला असल्याचे कळते. म्हणून एक्सपीसाठी २ टीबी ही पूर्णपणे वापरता येण्याजोगी सर्वांत मोठी डिस्क समजावी, आणि छापखान्याच्या फायलींना तर १ टीबीही पुष्कळ आहे.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घेतला नाही तर घातक ठरतो. डिस्क बाहेरून जोडण्याच्या काही यूएसबी पेट्या आतील डिस्कचे सेक्टर संगणकाला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. तसे केल्याने एमबीआरची मर्यादा आठपट होते आणि एक्सपीवर ३ किंवा ४ टीबीची बाह्य डिस्क पूर्ण दिसते. परंतु पेटी बिघडल्यावर आतील डिस्क काढून थेट साटाला जोडली की सेक्टर पुन्हा ५१२ चे होतात, तक्त्यातील सारे हिशेब चुकतात आणि डिस्क कोरी असल्यासारखी दिसते. माहिती तेथेच असते. तेव्हा ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ या प्रश्नाला नकार द्यावा आणि तशाच प्रकारची पेटी शोधावी.

डिस्क पूर्ण दिसली म्हणून तिच्यावर लगेच विश्वास टाकणे मला मान्य नाही. दुसरे पार्टिशन मोठ्या फायलींनी १३७ जीबीच्या बरेच पुढेपर्यंत भरावे, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि मग आरंभीच्या व शेवटच्या फायलींची मूळ प्रतींशी एफसी आज्ञेला बी हा पर्याय जोडून बाइटशः तुलना करावी. नंतर चेकडिस्क चालवावे. या तपासणीला वेळ लागतो, पण पत्ता उलटून सुरुवातीला येत असेल तर तो दोष येथेच उघड होतो. मामांचा संग्रह नव्या डिस्कवर नेला तो ही तपासणी संपल्यावरच, आणि त्या संगणकाची इंटरनेट जोडणीही काढून टाकली, कारण एक्सपीला सुरक्षा सुधारणा मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबले आहे.

एक काम शेवटी उरते आणि ते बहुतेकजण विसरतात. सर्व्हिस पॅक नसलेली मूळ सीडी कपाटात तशीच पडलेली असते. पुढे कधी विंडोज अडली आणि कोणी त्या सीडीवरून दुरुस्तीचे इन्स्टॉलेशन केले, तर जुना ड्रायव्हर परत येतो, प्रणाली पुन्हा २८ बिटांपुरतीच पाहू लागते आणि मोठ्या पार्टिशनवर लिहिणे तसेच चालू राहते. म्हणून छापखान्यातील मूळ सीडीवर ‘या संगणकासाठी वापरू नये’ असे लाल शाईने लिहिले, आणि सर्व्हिस पॅक ३ असलेल्या सीडीच्या दोन प्रती काढून त्यांतील एक संगणकाच्या शेजारीच ठेवली.