कच्ची फाइल कशात पिकवायची?

कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे कच्ची फाइल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करावी, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लग्नसराईत रात्री अकरानंतर माझा फोन वाजला की समजायचं, पलीकडे एखादा नवा फोटोवाला आहे. परवा शिरपूरच्या एका पोराने थेट अहिराणीतच विचारलं, "अप्पा, रॉसाठे कोनतं सॉफ्टवेअर भारी शे?" मी झोपेतच म्हणालो, "तुला जे येतं ते." तो गप्प झाला. त्याला वाटलं, म्हातारा धंद्यातलं गुपित लपवतोय. गुपित काही नाही, पण उत्तर फोनवर मावत नाही, एवढं खरं.

आमच्या शहाद्याकडे केळीचा घड हिरवा असतानाच कापतात. पिकलेला कापला तर दिल्लीला पोचेपर्यंत त्याचं शिकरण होईल. हिरवा माल गाडीत चढतो आणि तिकडे चेंबरमध्ये इथिलीन सोडून पिकवतात. कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेली जेपेग म्हणजे पिकलेलं केळं. आत्ता खायला उत्तम, पण त्यात पुढे फार काही करता येत नाही. रॉ फाइल म्हणजे हिरवा घड. रंग कसा येणार, डाग किती पडणार, हे पिकवणाऱ्याच्या हातात. रॉपासून फोटो बनवणारं सॉफ्टवेअर, रॉ कन्व्हर्टर, म्हणजे ते चेंबर.

आणि फाइल किती कच्ची असते, तेही ऐका. कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळणी असते. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ सालचं. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख ठिपके हिरवं बघतात, ६० लाख लाल आणि ६० लाख निळं. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून ठरवायचे. दोन-तृतीयांश रंग अंदाजाने भरलेला, आणि अंदाज म्हटला की माणसागणिक वेगळा आलाच. १४ बिटच्या फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. त्या पायऱ्या कुठे दाबायच्या आणि कुठे मोकळ्या सोडायच्या, हेही सॉफ्टवेअरच ठरवतं.

म्हणून पहिली गोष्ट. फाइल उघडल्यावर जे चित्र दिसतं, त्यावरून काहीही ठरवू नका. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तुम्ही बघता ती कॅमेऱ्यानेच बनवलेली जेपेग असते. अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये रॉ टाकली की आधी तीच दिसते आणि मग डोळ्यांदेखत रंग बदलतो. दर मोसमात एक तरी फोन येतो, "अप्पा, लाइटरूमने फोटो मारला." मारला नाही. त्याने स्वतःचं 'अडोबी कलर' नावाचं प्रोफाइल, म्हणजे रंगांची तयार कृती, लावलं. कॅमेऱ्याशी जुळणारं प्रोफाइल यादीत खालीच असतं, ते निवडलं की बरंचसं मूळ रूप परत येतं. डार्कटेबल नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल आधी फिक्की दिसते. रॉथेरपी या दुसऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरला सांगितलं तर तो आतल्या जेपेगकडे बघून आपली उजेड-अंधाराची कर्व्ह तिच्याशी जुळवून घेतो. कॅनॉनचं डीपीपी आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ घरचीच असल्यामुळे त्यांना कॅमेऱ्याचा रंगांचा मसाला ठाऊक असतो. दोन्ही फुकट, पण दुसऱ्याच्या घरची फाइल घेणार नाहीत. आता कोणी दुसऱ्या एका विकतच्या सॉफ्टवेअरबद्दल म्हणतो, "कॅप्चर वनचे रंग लाइटरूमपेक्षा भारी." असतीलही. पण बहुतेकांनी तर्रीचा रंग बघून शेवभाजीची चव ठरवलेली असते.

मी तुलना करतो ती माझ्या दोन वाईट फाइलींवर. चांगली फाइल कुठेही चांगलीच निघते.

पहिली हळदीची. भर दुपार, गुलाबी कापडाचा मंडप, म्हणजे वरून गुलाबी ऊन झिरपतंय, बाजूने पांढरं येतंय आणि मध्ये नवरी हळदीने माखलेली. हळदीचा पिवळा फार गडद असतो. छापणाऱ्या लॅबला एसआरजीबी, म्हणजे ठरावीक हद्दीतल्या रंगांची जेपेग द्यायची असते, आणि त्या रंगांच्या हद्दीत हा पिवळा बसता बसत नाही. निळा चॅनल, म्हणजे चित्रातला निळ्याचा हिस्सा, शून्याला टेकतो. मग गालावरची हळद, तिच्यातले ओले-सुके फरक, बोटांचे ओघळ सगळं जाऊन एक सपाट पिवळा पट्टा उरतो, शाळेतल्या पोस्टर कलरसारखा. लाइटरूममध्ये मी फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, खाली आणतो, त्याचाच उजेड किंचित बदलतो, आणि ओघळ परत दिसू लागतात. कॅप्चर वनमध्ये त्वचेच्या रंगासाठी वेगळी सोय आहे. एक रंग निवडायचा आणि आसपासचे रंग त्याच्याकडे ओढायचे. स्टुडिओतल्या पोर्ट्रेटला हे सोन्यासारखं. हळदीत मी एकदा उत्साहाने तो स्लायडर शेवटपर्यंत नेला आणि नवरीच्या गालावरची हळदच पुसली गेली. गाल अगदी एकसारखा, सुंदर. तिची आई म्हणाली असती, हळद लावलीच नाही का?

दुसरी फाइल सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीची. मोलगीजवळच्या काठीला रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते पहाटे. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे, अंगावर पांढरे ठिपके. माझ्या फाइलमध्ये एक बावा, म्हणजे असा साज चढवून नाचणारा, आगीच्या आणि माझ्या मधोमध उभा आहे. आयएसओ ६४००, म्हणजे अंधारासाठी कॅमेऱ्याची संवेदना खूप चढवलेली. दिवसाच्या उजेडात सहसा हिरवा चॅनल आधी भरतो, आगीत मात्र लाल. तो काठोकाठ भरला की मग हिरवा चढत जातो, आणि ज्वाळा नारिंगीची पिवळी, पिवळीची पांढरी होते. असा काठोकाठ भरून फुटलेला चॅनल खरा परत कोणीच आणू शकत नाही. बाकीच्या दोन चॅनलवरून सॉफ्टवेअर रंग कल्पून भरतं. इथे मला रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन फुकटची जास्त आवडतात. ती भरण्याची पद्धत तुम्हाला निवडू देतात आणि मुळात फाइलमध्ये काय फुटलंय तेही दाखवतात. रॉथेरपीत रॉचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दिसतो. नेहमीचा हिस्टोग्राम मसाला घातल्यानंतरचा असतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. त्या बाव्याच्या टोपातली आगीकडची पिसं मला सहा पद्धती लावून बघितल्यावर मिळाली. अर्धा तास गेला. लग्नाच्या तीन हजार फोटोंना असा अर्धा-अर्धा तास द्यायचा म्हटलं, तर त्या जोडप्याच्या पोराची शाळा सुरू होईल.

म्हणून लग्न लाइटरूममध्येच. निवड करणं, एका फोटोची सेटिंग चारशे फोटोंना चिकटवणं, त्यात त्याचा हात धरणारा मला सापडला नाही. स्टुडिओत लॅपटॉपला कॅमेरा जोडून काम असेल, तर कॅप्चर वन. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, हाच तुमचा मुख्य त्रास असेल आणि लाइटरूमसारखं दरमहाचं भाडं नको असेल, तर डीएक्सओ फोटोलॅब एकदाच विकत घेता येतं आणि त्याचं नॉइज काढणारं डीपप्राइम खरंच चांगलं आहे. लाइटरूमनेही २०२३ साली एआयवालं डीनॉइज आणलं. त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. मे महिन्यात, ४४ डिग्रीत, माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक फोटो लावून मी खाली जाऊन चहा पिऊन येतो.

भाड्याचं निघालं म्हणून सांगतो, हे विचारायला सगळे विसरतात. भाडं थांबलं तर लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण डेव्हलपला, म्हणजे एडिटिंगच्या भागाला, कुलूप. जुनं, एकदाच विकत मिळणारं लाइटरूम ६ ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नवा कॅनॉन घेतला की त्याची सीआर३ नावाची रॉ फाइल त्यात उघडत नाही. त्यावर अडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, तो रॉला डीएनजी या अडोबीच्या प्रकारात बदलतो. आधी डीएनजी करा, मग जुन्यात उघडा. एक पायरी वाढते, पैसे वाचतात.

क्रॅकचं, म्हणजे चोरीच्या फुकट सॉफ्टवेअरचंही सांगून टाकतो. मीही वापरलंय, खोटं कशाला बोलू. एका दुकानातल्या पोराने टाकून दिलं होतं. वर्षभराने मशीन अडकायला लागली, त्याने न विचारता फॉरमॅट मारला आणि लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे एडिटिंगची नोंदवही, गेला. रॉ फाइली दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या, पण तीन लग्नांचं एडिटिंग गेलं. ऐन सिझनमध्ये पंधरा रात्री पुन्हा बसलो. तुमचे स्लायडर फोटोत नसतात, कॅटलॉगमध्ये असतात, हे मला तेव्हा कळलं. लाइटरूमच्या कॅटलॉग सेटिंगमध्ये बदल आपोआप एक्सएमपीत, म्हणजे फोटोशेजारच्या छोट्या फाइलीत, लिहायची खूण आहे, ती आजच करा. डार्कटेबल स्वतःची एक्सएमपी आणि रॉथेरपी पीपी३ नावाची छोटी फाइल फोटोशेजारी ठेवतात. मात्र एकाची चिठ्ठी दुसऱ्याला धड वाचता येत नाही. सॉफ्टवेअर बदलताना जुनं काम सोबत येईल, या आशेवर राहू नका.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हसत नाही. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला गेलो होतो. टेबलावर चार वस्तू मांडून त्यांनी उभे केलेले देखावे भिंतीवर लागलेत. लोक बघत उभे राहतात. मी दाखवणाऱ्या माणसाला विचारलं काय, तर "कागद कोणता वापरायचे?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी पुढच्या खोलीत सटकलो.

तर शिरपूरच्या त्या पोराला मी म्हटलं, तुझी सगळ्यात वाईट फाइल पाठव, चार ठिकाणी उघडून सांगतो. त्याने तोरणमाळच्या यशवंत तलावावरचा सूर्यास्त पाठवला. अप्रतिम. म्हटलं, बाबा, वाईट पाठव. सकाळी आली. हळदीच्या स्टेजवर जांभळा एलईडी, आणि त्याखाली मामा हात जोडून उभा. त्या उजेडात हिरवा जवळजवळ नाहीच, म्हणजे निम्मे ठिपके उपाशी. लाइटरूम झालं, कॅप्चर वन झालं, डार्कटेबल, रॉथेरपी झालं. मामा अजून जांभळाच आहे.