तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रन’चा समानार्थी शब्द कोणता?

नागपूरच्या धरमपेठेत मी स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना इंग्रजी शिकवते, आणि नवी बॅच सुरू झाली की कोणीतरी हमखास विचारते, “मॅडम, ‘रन’चा एकच पक्का समानार्थी शब्द सांगा ना, पाठ करून टाकतो.” शब्दांच्या याद्या घोकण्याची सवय शाळेपासूनची असल्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. तरी माझे उत्तर असे की समानार्थी शब्द क्रियापदाला नसतो, त्याच्या एकेका अर्थाला असतो, आणि ‘रन’च्या बाबतीत हे अर्थ मोजणेदेखील कोशकारांचीच कामगिरी आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात दीर्घकाळ ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा 2011 मध्ये जाहीर झालेल्या माहितीप्रमाणे एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ भरले.

इतके अर्थ कोठून आले, याचे एक कारण मराठी माणसाला चटकन समजण्यासारखे आहे. आपण ‘चालणे’पासून ‘चालवणे’ करतो, ‘बसणे’पासून ‘बसवणे’ आणि ‘पडणे’पासून ‘पाडणे’. इंग्रजीतही अशा जोड्या होत्या आणि काही अजून टिकून आहेत: ‘सिट’ म्हणजे बसणे, तर ‘सेट’ मुळात बसवणे; ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर झाड पाडण्यासाठी ‘फेल’. जुन्या इंग्रजीत धावण्याला एक आणि धावायला लावण्याला दुसरे क्रियापद होते, परंतु पुढे ती दोन्ही ‘रन’ या एकाच रूपात मिसळून गेली. त्यामुळे दुकान चालते तेव्हाही ‘रन’ आणि दुकान कोणी चालवते तेव्हाही ‘रन’. नंतर यंत्रे आली, आगगाड्या आल्या, संगणक आले, आणि त्या सर्वांचे चालणे-चालवणेही याच क्रियापदाच्या वाट्याला आले.

येथे ‘चालणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण इंग्रजीत जे धावते त्यातले बरेचसे मराठीत चालते. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे मेट्रो धावते असे आपणही म्हणतो, पण घड्याळ, कूलर, खानावळ आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन ही मंडळी मराठीत चालतात. (नागपुरी बोलीत तर ती ‘चालून राहिली’ असतात.) समृद्धी महामार्ग नागपूरहून मुंबईपर्यंत जातो, इंग्रजीत तो ‘रन’ करतो. अधिवेशनासाठी पर्याय ‘लास्ट’ किंवा ‘कंटिन्यू’, महामार्गासाठी ‘एक्स्टेंड’ किंवा ‘स्ट्रेच’, आणि कूलरसाठी ‘वर्क’ किंवा ‘फंक्शन’. यांपैकी कोणताही शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला की वाक्य हास्यास्पद होते.

खरी फसगत मात्र जेथे मराठी स्वतःच आपल्याला चुकीच्या दिशेने ढकलते तेथे होते. नाग नदी शहरातून वाहते, या वाक्यात ‘रन’च्या जागी ‘फ्लो’ निर्धोक बसतो. पण नळ वाहतो आणि सर्दीने नाक वाहते असेही आपण म्हणतो, म्हणून उमेदवार तेथेही ‘फ्लो’ लिहितात. इंग्रजीत फ्लो होते ते पाणी. नळ किंवा नाक ‘रन’च करते, आणि तेथे हात न लावणे हेच शहाणपण. कपड्याच्या रंगाचेही तसेच. पहिल्या धुण्यात लाल ओढणीचा रंग जाऊन पांढऱ्या सदऱ्याला लागतो, त्या ‘रन’चा समानार्थी ‘ब्लीड’ आहे. उन्हात वाळत घालून घालून रंग जातो, त्याला ‘फेड’ म्हणतात. मराठीत दोन्ही ‘रंग जाणे’ असल्यामुळे पर्यायांत ‘फेड’ दिसताच अर्धा वर्ग त्यावर खूण करतो, आणि प्रश्न काढणाऱ्यालाही ते ठाऊक असावे असा माझा संशय आहे.

चालवण्याच्या अर्थी ‘मॅनेज’, ‘ऑपरेट’ आणि ‘कंडक्ट’ हे तिघे येतात. ‘मॅनेज’चे मूळ हाताशी जोडलेले आहे, इटालियनमध्ये घोडा हाताळण्यापाशी, म्हणून ते आपल्या ‘हाताळणे’च्या फार जवळचे वाटते, संस्था, माणसे, पैसा यांना ते शोभते. तरीही एखादी बाई दुकान ‘रन’ करते म्हटले की दुकान बहुधा तिच्याच हाती असल्याचा भास होतो, तर ‘मॅनेज’ करते म्हटल्यावर ती पगारी व्यवस्थापकही असू शकते. यंत्र किंवा बससेवा ‘ऑपरेट’ होते, आणि सर्वेक्षण, चाचणी, परीक्षा ‘कंडक्ट’ होते. हे शब्द लॅटिन कुळातले असल्यामुळे सरकारी पत्रात आणि निबंधात ते अधिक भारदस्त वाटतात, पण त्याच कारणाने घरगुती संवादात ते अवघडल्यासारखे वाटतात.

पुढे ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ अशी शेपटे लागली की संपणे, अचानक भेटणे, अंगावरून गाडी जाणे असे स्वतंत्र अर्थ होतात. ते जोडीनेच लक्षात ठेवावेत. विहीर ‘रन ड्राय’ झाली या वाक्यात तर धावणे मुळीच उरत नाही. तेथे ‘रन’चा अर्थ केवळ ‘होणे’ असतो आणि पर्याय ‘बिकम’.

निवडणुकीचे उदाहरण उरले. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे एकाच कामासाठी एक धावतो आणि दुसरा उभा राहतो. आपणही निवडणुकीला उभे राहतो, शिवाय ती लढवतो, आणि आपल्याकडील इंग्रजी वर्तमानपत्रांत त्यासाठी ‘कंटेस्ट’ रुळलेला आहे. तुमच्या प्रश्नपत्रिकेत निवडणुकीच्या अर्थाने ‘रन’ असलेले वाक्य आले आणि पर्यायांत ‘स्प्रिंट’, ‘कंटेस्ट’, ‘मॅनेज’, ‘फ्लो’ असतील, तर ‘कंटेस्ट’वर खूण करा.